बीएएमएसनंतर टीपीएमध्ये मेडिकल ऑफिसर: आतलं काम नेमकं कसं असतं?

लातूरची_वैद्य

नमस्कार मंडळी. बीएएमएस आणि इंटर्नशिप उरकून सध्या पुण्यात हडपसरच्या बाजूला एका मध्यम हॉस्पिटलमध्ये आरएमओ, म्हणजे वॉर्डात ड्युटीवर असणारी निवासी डॉक्टर आहे. आठवड्यातल्या निम्म्या तरी नाईट माझ्या वाट्याला येतात. वडिलांचं म्हणणं, गावी येऊन दवाखाना टाक, गाळा आपलाच आहे. पण दवाखान्यात बस्तान बसेपर्यंत घरून पैसे घालावे लागतात, आणि धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग अजून चालू आहे.

अशात एका टीपीएकडून, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या कंपनीकडून, ऑफर आली आहे. आरोग्य विम्याचे क्लेम तपासायचे, पद मेडिकल ऑफिसरचं. पगार आत्तापेक्षा थोडा बरा आहे, शिफ्ट बदलत्या आहेत, पण महिन्यात नाईट कमी. इंटरव्ह्यूत मॅडमनी एक डिस्चार्ज समरी हातात दिली आणि म्हणाल्या, "वाचा आणि यात काय दिसत नाही ते सांगा." मला तो प्रश्न आवडला. हॉस्पिटलमध्ये असं कोणी विचारत नाही.

तरी मन तयार होत नाही. क्लेम नाकारायचं टार्गेट असतं असं ज्याच्या त्याच्याकडून ऐकलंय. खरं आहे का ते? दिवसभर नेमकं काय करतात? आणि दोन-तीन वर्षांनी पेशंट तपासायचा हात राहतो का? आमची आत्या तर स्पष्टच म्हणाली, "खुर्चीत बसून कागद बघायचे होते तर एवढं शिकलीस कशाला?" आत काम केलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

सोलापूरचा_आरएमओ

मी केलंय हे काम, आणि सोडून परत वॉर्डात आलोय. कंपनी वाईट नव्हती, माणसं चांगली होती. पण स्क्रीनवर प्रत्येक केसच्या शेजारी वेळ पळत असते, ती लाल झाली की टीम लीडर खुर्चीमागे येऊन उभा. दिवसभर स्कॅन केलेले कागद, त्यातले अर्धे आडवे, काही उलटे, ईसीजी तर कधी कधी नुसता काळा पट्टा. मान आणि डोळे गेले. मला पेशंटच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे माझं मन तिथे रमलं नाही.

एक मात्र मान्य करतो. बिल वाचायला तिथेच शिकलो. आता वॉर्डात कुणी नातेवाईक बिल घेऊन आला तर दोन मिनिटांत सांगतो, यातलं काय मिळेल आणि काय खिशातून जाईल.

फाईलवाली_डॉक्टर

लातूरची वैद्य, मी नांदेडच्या आयुर्वेद कॉलेजची. बरीच वर्षं याच कामात आहे, सध्या ठाण्यात. सोलापूरच्या डॉक्टरांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे. तरीही मी टिकले, कारण मला हे काम डॉक्टरचंच वाटतं.

आधी काम काय ते सांगते. दोन बाजू असतात. कॅशलेसमध्ये पेशंट ॲडमिट झाला की हॉस्पिटलचा विमा डेस्क प्री-ऑथ (आगाऊ मंजुरीचा) फॉर्म पाठवतो: आजार, उपचाराची दिशा, अंदाजे खर्च. आपण पॉलिसीच्या अटी आणि आजार एकमेकांसमोर ठेवून सुरुवातीची रक्कम मंजूर करायची. मुक्काम वाढला की वाढीव रक्कम, आणि शेवटी फायनल बिल. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामक प्राधिकरणाच्या) परिपत्रकानंतर पहिल्या मंजुरीला जास्तीत जास्त एक तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास. त्यापुढे उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली, तर तो भार विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचा. तुम्हाला लाल घड्याळ दिसेल ते यासाठी. त्याचा त्रास होतो, पण त्या घड्याळाच्या दुसऱ्या टोकाला बिलिंग काउंटरवर पिशव्या बांधून बसलेलं कुटुंब असतं, म्हणून मला त्याचा राग येत नाही. दुसरी बाजू रिइम्बर्समेंटची, म्हणजे पेशंटने आधी बिल भरून मग पैसे परत मागायचे. पेशंट घरी गेल्यावर पूर्ण फाईल येते, आणि ती नीट, पहिल्या पानापासून वाचायला वेळ मिळतो. नवीन डॉक्टरांनी आधी इथे बसावं असं माझं मत आहे.

फाईल वाचणं म्हणजे काय, ते एका केसवरून सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. पन्नाशीतला माणूस, रात्री छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट. पॉलिसी दोन वर्षांची. कॅज्युअल्टीच्या कागदावर आरएमओने लिहिलेलं, "के/सी/ओ एचटीएन, १० वर्षं, ऑन ट्रीटमेंट", म्हणजे दहा वर्षांपासून बीपी, औषधं चालू. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मवर बीपीच्या रकान्यात "नाही". वरवर पाहिलं तर विषय संपला: जुना आजार लपवला, क्लेम नामंजूर करायची शिफारस. खूप फाईली इथेच बंद होतात.

पण पुढची पानं उलटली. सकाळच्या राउंडला फिजिशियनने लिहिलं होतं, पूर्वीचा काही आजार नाही. नर्सिंग असेसमेंटच्या फॉर्मवर तिसरंच, बीपी काही महिन्यांपासून. एका माणसाच्या तीन कागदांवर तीन हिस्टरी. मग मी इको पाहिला. हृदयाच्या डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत जाड झालेली नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, नॉर्मल. दहा वर्षांच्या बीपीच्या खुणा प्रत्येकात दिसतीलच असं नाही, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही. मात्र शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे. मी एकच क्वेरी टाकली: बीपीचं निदान पहिल्यांदा ज्या कागदावर झालं तो कागद, पहिलं प्रिस्क्रिप्शन, आणि ॲडमिशनच्या वेळी हिस्टरी कोणी सांगितली ते.

उत्तर आलं. हिस्टरी बायकोने सांगितली होती, ती घाबरलेली. "दहा महिने" म्हणाली ते गडबडीत "दहा वर्षं" झालं. फॅमिली डॉक्टरचा तारीख असलेला जुना कागद आला. निदान पॉलिसी घेतल्यानंतरचं. क्लेम पास झाला. इथे एक लक्षात ठेवा, हॉस्पिटलने मागाहून दिलेलं "चुकून लिहिलं गेलं" असं पत्र एकटं असेल तर त्याला फारसं वजन नसतं. त्या वेळचा, तारखेचा मूळ कागद लागतो. हे पेशंटला कोणी सांगत नाही. तो बिचारा पत्रामागून पत्रं आणत राहतो.

आणि म्हणून, ही नोकरी घ्या किंवा घेऊ नका, आज रात्रीच्या ड्युटीपासून एवढं करा. हिस्टरी लिहिताना कोणी सांगितली ते लिहा: पेशंटने, बायकोने, की शेजाऱ्याने. कालावधी पक्का कळला नाही तर "नक्की माहीत नाही" असं लिहा, अंदाजाने आकडा टाकू नका. रात्री दोन वाजता तुम्ही लिहिलेल्या त्या ओळीवर एखाद्या घराचे तीन-चार लाख उभे असतात. बीपी-शुगर असल्या जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की लपवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. म्हणजे सगळा वाद पहिल्या काही वर्षांतल्या ओळींचा. तुमच्या पेनाची ताकद समजून घ्या.

आता टार्गेटचं. क्लेम नाकारण्याचा निर्णय टीपीएचा नसतोच. आपण शिफारस करतो, निर्णय विमा कंपनीचा. आणि २०२४ च्या त्याच परिपत्रकानुसार त्यांच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मान्यतेशिवाय क्लेम नाकारता येत नाही. मी आता जिथे आहे तिथे दोनच मोजमापं आहेत, दिवसाच्या केसेस आणि ऑडिटमध्ये निघालेल्या चुका. चूक दोन्हीकडची धरतात. द्यायला नको ते दिलं तरी, द्यायला हवं ते कापलं तरी. पण सगळीकडे असंच असतं असं मी म्हणणार नाही. मी आधी एका ठिकाणी होते, तिथे सकाळच्या मीटिंगला काल कोणी किती रक्कम कापली ते वाचून दाखवायचे. ज्याचा आकडा मोठा त्याचं कौतुक. नियमात कुठेही न बसणारी गोष्ट, फक्त वाचून दाखवल्याने माणसाचा हात कसा वळतो ते मी तिथे पाहिलं. चांगले डॉक्टर संशयाचा फायदा पेशंटला द्यायचं विसरायला लागले. मी ती नोकरी सोडली. तेव्हा ऑफर स्वीकारण्याआधी स्पष्ट विचारा, "माझ्या अप्रेझलमध्ये काय मोजलं जाणार?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजा.

कापाकापी अजिबात नसते असंही नाही. सगळ्यात जास्त भांडणं खोलीच्या भाड्यावरून. समजा पाच लाखांची पॉलिसी आहे, भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. घरच्यांनी ८,००० ची खोली घेतली. लोकांना वाटतं वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं. डॉक्टरांच्या व्हिजिट, सर्जनची फी, ओटी, हे सगळं आठाला पाच या प्रमाणात खाली येतं. हे मिळून १,२०,००० असेल तर मिळणार ७५,०००, आणि ४५,००० खिशातून. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना हे प्रमाण लावायचं नसतं. आयसीयूच्या आकाराला लावायचं नसतं. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथेही लावायचं नसतं. पण घाईत बसलेला माणूस पूर्ण बिलावर प्रमाण लावून मोकळा होतो. तुम्ही तिथे बसलात तर हे तुमच्या हातून होऊ देऊ नका. कुणाचे वीस हजार वाचतील, आणि ते कोणामुळे वाचले हे त्याला कधी कळणार नाही. त्याने काही बिघडत नाही.

खोट्या फाईलीही येतात, तेही सांगायला हवं. पावसाळ्यात डेंग्यूच्या. पाच दिवसांचा टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाच्या नोंदींचा), सकाळ-दुपार-रात्र तिन्ही शिफ्टचा, एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एकही खाडाखोड नाही. खरा चार्ट असा कधीच नसतो, हे आरएमओ म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. रात्रीच्या सिस्टरचं अक्षर वेगळं असतं, मध्येच शाई संपते, एखादं रीडिंग चुकून पुढच्या रकान्यात पडतं. स्टेंटचं स्टिकर बघायचं, त्यावरचा लॉट नंबर आणि साइज अँजिओप्लास्टीच्या नोटशी जुळतो का. मोतीबिंदूत लेन्सचं स्टिकर. ज्याने वॉर्ड पाहिला नाही त्याला हे जमत नाही, म्हणून तर ते डॉक्टर घेतात.

पेशंटला हात लावायचं सुटतं, ते खरं आहे. त्याची भरपाई कशानेच होत नाही. ते तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.

नाशिक_कॅशलेस_डेस्क

मी काउंटरच्या या बाजूचा. हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर आहे, डॉक्टर नाही, बीकॉम. फाईलवाल्या मॅडमनी "एकच क्वेरी टाकली" असं लिहिलंय ना, त्याच वाक्यावर मला दोन शब्द लिहायचे आहेत.

आमच्याकडे सकाळी अकराला मोठे डॉक्टर डिस्चार्ज सांगून जातात. बिल पाठवलं की तासाभराने क्वेरी येते, "एक्स-रेचा रिपोर्ट द्या." दिला. परत क्वेरी, "आता फिल्म द्या." दिली. मग तिसरी, "ॲडमिशनची गरज काय होती ते सांगा." म्हणजे पेशंट चार दिवस राहून बरा झाल्यावर! तेवढ्यात संध्याकाळ होते, आणि नातेवाईक टीपीएला ओळखत नाहीत, ते माझ्यावर चिडतात. मागच्या आठवड्यात एक आजोबा नातीच्या डिस्चार्जसाठी थांबले होते, शेवटची सिन्नरकडची एसटी चुकेल म्हणून दर दहा मिनिटांनी काउंटरवर यायचे. ज्या टीपीएत वाचणारा डॉक्टर असतो तिथली क्वेरी एकदाच येते आणि त्यात सगळं असतं. आम्हाला नाव दिसत नाही, पण भाषेवरून कळतं आज कोण बसलंय.

मात्र सगळा दोष तिकडचा नाही. तीन तास सुरू होतात ते आम्ही फायनल बिल पाठवल्यावर. त्याआधी डिस्चार्ज समरी टाईप व्हायची असते, फार्मसीचा रिटर्न यायचा असतो, लॅबचं बिल बंद व्हायचं असतं. सर ओटीत असले की समरीवर सही नाही. आमच्याकडे आता आदल्या संध्याकाळीच कच्ची समरी तयार ठेवतात, त्याने मोठा फरक पडला. ताई, तुम्ही आरएमओ आहात तोवर तुमच्या हॉस्पिटलमध्ये एवढं सुरू करून बघा. ते तुमच्याच हातात आहे.

लातूरची_वैद्य

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच्या ड्युटीत हिस्टरीखाली "माहिती देणारा: मुलगा" असं लिहायला सुरुवात केली. सिस्टर विचारत होत्या हे काय नवीन.

मॅडम, अजून दोन गोष्टी. आयुर्वेदाचं ज्ञान तिथे काही कामाला येतं का, की सगळं अँजिओप्लास्टी आणि अपेंडिक्सच? आणि पुढे वाढ कशी होते?

फाईलवाली_डॉक्टर

येतं, आणि पूर्वीपेक्षा जास्त. १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना बाकीच्या उपचारांच्या बरोबरीने धरायचं असा आयआरडीएआयचा निर्देश आहे, त्यामुळे पंचकर्माच्या फाईली वाढल्या आहेत. त्या एमबीबीएस सहकाऱ्यांना वाचता येत नाहीत, तुमच्याच टेबलावर येतील. नियम असा की आयुष हॉस्पिटलला किमान पाच खाटा हव्यात आणि नोंदणीकृत वैद्य चोवीस तास हवा. पण खरा प्रश्न त्यापुढचा असतो. गृध्रसीचा (सायटिकाचा) पेशंट, उठता-बसता येत नाही, कटिबस्ती आणि बस्तीचा क्रम दिलाय, रोजची नोंद आहे, कंबरेची हालचाल किती सुधारली ते लिहिलंय, तर ती फाईल ठामपणे पास करा. आणि "शरीरशुद्धीसाठी सात दिवस" एवढंच लिहिलं असेल तर ते विश्रांतीसाठीचं पॅकेज आहे, विम्यात बसत नाही. या दोन्हींतला फरक वैद्यालाच कळतो. आपल्याच लोकांच्या केसपेपरमध्ये नोंदी फार तोकड्या असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. उपचार चांगला झालेला असतो, पण कागदावर दिसतच नाही.

पुढची वाट म्हणाल तर मेडिकल ऑफिसर, मग ऑडिट किंवा टीम लीड, मग बरेच जण विमा कंपनीच्या क्लेम विभागात जातात. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा आहेत, लायसेन्शिएट, मग असोसिएटशिप, मग फेलोशिप. नोकरी करता करता देता येतात. पहिल्या वर्षातच सुरू करा, पॉलिसीची भाषा त्याशिवाय अंगवळणी पडत नाही. तुमचं वैद्यकीय रजिस्ट्रेशन मात्र चालू ठेवा, नूतनीकरण चुकवू नका. बाहेर ओपीडी करायची परवानगी आहे का, ते ऑफर लेटरमध्ये बघा. काही ठिकाणी शनिवार-रविवार चालतं, काही ठिकाणी साफ मनाई असते. तोंडी "चालेल हो" वर विसंबू नका, मेलवर घ्या.

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांची पॉलिसी काढून बघा. खोलीच्या भाड्याची मर्यादा कुठल्या पानावर लिहिली आहे ते त्यांना दाखवा. क्लेम अडकलाच कधी, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यायचं. उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात आलंच नाही, तर विमा लोकपाल. पुण्यातही कार्यालय आहे आणि मुंबईतही, फी लागत नाही, वकील लागत नाही.

जॉइन होण्याआधी मला इथे निरोप टाका. रिइम्बर्समेंटच्या टेबलावर पहिले काही महिने बसवा, अशी विनंती एचआरला कशी लिहायची ते सांगते.